हौसाआक्कांच्या शेतातलं प्लॉटिंग

"मॅडम, प्लॉटिंगचा धंदा कधी सुरू केलात?"

सकाळी सकाळी साहेबांचा फोन. त्यांच्या मोबाईलवर कुणीतरी फोटो पाठवला होता. वेल्ह्याच्या रस्त्याकडेचं शेत, शेतात पांढऱ्या फक्कीचे चौकोन, आणि मधोमध स्कूटीसकट मी.

मी कृषी सहायक. शेत हौसाआक्कांचं. साठी ओलांडलेली बाई, दारात दोन म्हशी, जीभ भलतीच तिखट. म्हशींसाठी त्या मका पेरायच्या आणि तो गुडघाभर होऊन जांभळा पडायचा. जमीन सामाईक. पुण्यातले दोघे दीर म्हणायचे, "वैनी, ह्या मातीत काही पिकत नाही. विकून टाकू." आक्का एकदा रागाच्या भरात बोलून बसल्या, "औंदा मका न्हाई आला, तर करते सही!"

झालं! आता मक्यावर जमीन टांगलेली. मला तर धडकीच भरली.

माती तपासली, तर चांगलीच आंबट. आमच्याकडचा धो धो पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो, म्हणून ती आंबट होते. मग घातलेलं खत मातीतच अडकतं, मुळांना मिळत नाही. आक्का वरून युरिया ओतत होत्या, त्यानं आंबटपणा आणखी वाढतो. उपाय म्हणजे शेतीचा चुना. तो पेरणीच्या आधी सगळीकडे सारखा पडायला हवा. म्हणून मीच शेतात फक्कीनं चौकोन आखून दिले, चौकोनाला एक गोणी. गोण्या ओतून झाल्या. आता चुना पसरून वर ट्रॅक्टरचा रोटर मारून तो मातीत मिसळायचा होता, पण ट्रॅक्टरवाला "उद्या येतो" म्हणून जो गेला तो गेलाच.

साहेबांना हे समजावत मी शेतावर पोचले, तर मागोमाग गाडी. दोन्ही दीर उतरले.

थोरले कडाडले, "वैनी! आम्हाला न विचारता प्लॉट पाडले?"

"तुमालाच इकायची हुती न्हवं?"

"आमच्या माघारी नव्हे! हायवेवरच्या एजंटांचे फोन येतायत, कोपऱ्यावरचा प्लॉट ठेवा म्हणून!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आक्कांनी मला डोळा मारला. ह्या वयात!

"मी म्हातारी काय करनार, भावजी? फक्की मिटवा, म्हंजे लोक गप बसतील."

धाकटे बुटानं रेघ पुसायला लागले. मला राहवेना.

"अशी नाही जायची ती, दादा. सगळी सारखी पसरा आणि वर रोटर मारा. खोल. वरवर मारलं तर फोटोत दिसतं."

शेवटचं वाक्य काही शास्त्रीय नव्हतं.

थोरल्यांनी फोन लावला आणि तोच ट्रॅक्टरवाला लगेच हजर झाला. इस्त्रीच्या पँटी वर खोचून दोघे फावड्यानं चुना पसरत होते. संध्याकाळपर्यंत भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. आक्का बांधावर बसून ओरडत होत्या, "भावजी, त्या कोपऱ्यात दिसतंय अजून!" मी हसू दाबायला शेताकडे पाठ करून उभी.

पेरताना शेणखत दिलं, युरियाला जरा लगाम घातला. गणपतीत दीर आले, तेव्हा मका डोक्याच्या वर गेला होता. हिरवागार! मला तर आनंदानं ओरडावंसं वाटलं. आक्कांनी बांधावरच कणसं भाजली.

"आम्ही नीट मिटवलं म्हणून आलं हे," थोरले म्हणाले.

"व्हय की. मग सही कुठं करायची?"

थोरल्यांनी घाईघाईनं दुसरं कणीस उचललं आणि तोंडात घातलं.

तर चुना पेरणीआधी टाकावा आणि खोल मिसळावा. शेत सामाईक असेल, तर रस्त्यावरून दिसेल असा टाकावा.