बिनधुराचा जनरेटर

मला अजूनही राग येतो, आणि सगळ्यात जास्त माझाच येतो. आमच्या घरात दोन शहाणे होते. एक बाबा, स्टील प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसवर आयुष्य काढलेले, आणि दुसरी मी, नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये पोरांना केमिस्ट्री शिकवणारी. आईला यातलं काही कळत नव्हतं, आणि बरोबर तीच होती.

प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये होतो तोवर लाइट जाणं म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. घरात मेणबत्ती असायची ती वाढदिवसाची. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, स्मृति नगरमध्ये घर बांधलं आणि पहिल्याच मे महिन्यात भर दुपारी पंखे थांबले. बाबांना तो स्वतःचा अपमान वाटला. त्यांनी एक जुना पेट्रोलचा जनरेटर आणला. पेट्रोल धूर करतं म्हणून मेकॅनिककडून त्याला गॅसचं किट बसवून घेतलं, आणि तो स्वयंपाकाच्या सिलिंडरवर चालू लागला. घरचा सिलिंडर असा लावायचा नसतो, असं मी एकदा म्हटलं.

"फर्नेसच्या गॅसवर आमी अख्खा प्लांट चालवला," बाबा म्हणाले. "तू मले सिलिंडर शिकवून राहिली काय?"

मी विषय सोडून दिला. वाद घालायचा कंटाळा, दुसरं काय!

मग शेजाऱ्यांनी कुंपणावरून हात जोडले. "भाईसाहब, कान फट रहे हैं." बाबांना कुणाची तक्रार ऐकून घेणं जमत नाही. त्यांनी अंगणातला जनरेटर मागच्या वऱ्हांड्यात नेला. तो वऱ्हांडा धुळीपायी आम्ही काचा लावून बंद केलेला, आणि त्याला लागूनच आईची खोली. वर सेफ्टीचा थाट केवढा! रोज सुरू करण्याआधी साबणाचा फेस करून प्रत्येक जॉइंटला लावायचा, बुडबुडा फुटतो का बघायचं. भिंतीला लाल रंगवलेली वाळूची बादली टांगलेली. गॅस गळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा, आणि इंजिनाच्या नळीतून जे बाहेर पडत होतं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"हे मशीन लागली का माहं डोकं दुखते," आई दुसऱ्याच दिवशी म्हणाली.

"धूर दाखव मले," बाबा म्हणाले. "हाये कुठी धूर?"

धूर नव्हताच. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उनाचं पित्त असंन, आई. पन्हं घे." तिने चार दिवस पन्हं घेतलं. एकदा उलटी झाली तर मी पन्ह्यातली साखर कमी केली.

त्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं होतं: कोंडलेल्या जागी इंधन अर्धवट जळतं, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. पोरांकडून दोनदा म्हणवून घेतलं, कारण ते परीक्षेत येतं. बाबा तर तोच गॅस ओळखणारं यंत्र खिशाला लावून वर्षानुवर्षं ड्यूटीवर गेलेले. यंत्र वाजलं की सगळं टाकून पळायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. पण तो गॅस प्लांटचा. सिलिंडरचा म्हणजे आपला, त्याच्यावर पोळ्या होतात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमच्याकडे दोन बैल होते.

पाचव्या दिवशी दुपारी क्लासवरून आले तेव्हा बाबा पुढच्या खोलीत, उघड्या दारापाशी, पंख्याखाली पेपर वाचत होते. मागे मशीन चालू होतं. आई तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवी पडलेली. एक हात बाहेर, बाकीची आत. तिने बाबांना हाक मारली असली तरी त्या आवाजात ती ऐकू जाणं शक्य नव्हतं.

तिला ओढत अंगणात आणलं, दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लागला. डॉक्टरने जनरेटर कुठे ठेवला होता ते विचारलं. बाबा म्हणाले, "लेकिन साहब, धुआँ तो नहीं था."

त्यानंतर मी कॉरिडॉरमध्ये बाबांवर जी ओरडले, ती चार माणसं गोळा होईपर्यंत. बाबा भिंतीला टेकून ऐकत राहिले. खरं सांगायचं तर मला ओरडून बरं वाटत होतं. ओरडत होते तोवर मला माझ्या फळ्याची आठवण येत नव्हती.

आई वाचली. जनरेटर भंगारात गेला, इन्व्हर्टर आला. बाबा आता तिला दिवसातून तीनदा विचारतात, बरं वाटते ना? मीही विचारते. ती हो म्हणते.

परवा दुपारी मी अचानक तिच्या खोलीत गेले तर ती कपाळाला फडकं करकचून बांधून, डोळे मिटून बसली होती. मला पाहताच तिने फडकं सोडलं आणि उशीखाली सारलं.

"काय झालं?"

"काई नाई," ती म्हणाली आणि पोळ्या करायला उठली.