अर्ध्या रिआलचं वजन

लंडनमधल्या हाउन्सलोच्या नाणेमेळ्यात एक नागपूरकर गृहस्थ मेक्सिकोच्या सुरुवातीच्या प्रजासत्ताकातली अर्ध्या रिआलची चांदीची नाणी विकतात. नाणं नेहमी कडेनं धरतात आणि बोलायला सुरुवात "बघा ना भाऊ" अशी करतात. त्यांच्याकडून घेतलेली अकरा झिजलेली नाणी मी घरी तोलली. प्रत्येक बरोबर १.६४ ग्रॅम भरलं. वापरातली नाणी इतकी सारखी झिजत नाहीत, असं मी त्यांना परत जाऊन सांगितलं.

"बघा ना भाऊ, वजन कमीजास्त भरलं की लोक भांडतात, सारखं भरलं की तुम्ही. किती फरक पाहिजे मग?"

०.१ ग्रॅमचा तरी असतो, मी प्रामाणिकपणे म्हणालो. त्यांनी ते पावतीच्या मागे लिहून घेतलं.

पुढच्या मेळ्याला मी वजनकाटा घेऊनच गेलो. त्यांच्या ट्रेमधली कुठलीही दोन नाणी सारखी भरली नाहीत.