टाकीवरचा क्लास

समोरच्या गच्चीवर रोज संध्याकाळी मुक्ता आणि माधव ही जुळी भावंडं येतात. दहावीपर्यंत वर्गात पहिली यायची ती मुक्ता. माधव आपला कसाबसा पास. अकरावीला शहरातल्या क्लासला मात्र घातलं माधवला. मुलीला एवढ्या लांब कुठे पाठवायचं? शाळेत पुढे असलेल्या मुली पुढच्या इयत्तांत मागे पडतात, की आपणच त्यांना मागे ठेवतो?

माधव पाण्याच्या टाकीवर खडूने त्या दिवशीचं गणित उतरवतो.

"सरांनी इथून पुढे काय केलं?" मुक्ता विचारते.

"थांब, आठवू दे."

शाळेत मागच्या बाकावर डुलक्या काढणारा हा पोरगा क्लासात आता पहिल्या बाकावर बसतो. परवा मी कौतुक केलं, तर लाजून म्हणाला, "मुक्ताचं काही बुडायला नको ना, काकू!"