भावाच्या वर्गात लेसिएली

आमच्या वावाऊ बेटावर मुलगी शाळेची शेवटची परीक्षा पास झाली, की तिनं पुढे काय करायचं हे तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असतं. पाद्रीबाबांना वाटतं तिनं नर्स व्हावं. मास्तरांना वाटतं शिक्षिका व्हावं. आईला वाटतं घरी बसून चटया विणाव्यात. आणि न्यूझीलंडमधल्या मामाला वाटतं, तिनं तिकडे येऊन त्याची चार पोरं सांभाळावीत. मामा याला परदेशी शिक्षण म्हणतो.

लेसिएलीला बोटीची इंजिनं दुरुस्त करायला शिकायचं होतं. पंधराव्या वर्षी तिनं बापाच्या मासेमारीच्या होडीचं इंजिन सगळं खोललं होतं आणि परत जोडलं होतं. जोडल्यावर तीन भाग उरले. इंजिन तरीही चाललं. बाप खूश झाला आणि विषय विसरला, पण हिला मात्र ते तीन भाग कशासाठी होते हे कळल्याशिवाय चैन पडेना.

मी तालीआई. बंदराजवळच्या प्रशिक्षण केंद्रात कारकून होतो. केंद्र म्हणजे दोन पत्र्याच्या शेड, एक नीरफणसाचं झाड आणि भिंतीवर राजेसाहेबांचा फोटो. लेसिएलीचा प्रवेश अर्ज माझ्याच अक्षरात भरलेला आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. कारण त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याच पेनानं मी आणखी एक कागद भरला होता. लोपेती नावाचा तरुण सहा वर्षं न्यूझीलंडमध्ये राहून इंजिनाचा दाखला घेऊन परतला होता, त्याच्या नेमणुकीचा. केंद्रातला इंजिनाचा तो एकमेव प्रशिक्षक. आणि लेसिएलीचा सख्खा मोठा भाऊ.

आमचे मुख्याध्यापक फिलिमोने मास्तर दोन्ही कागदांवर सही करताना म्हणाले, "व्वा, एका घरातली दोघं! केंद्राचं भाग्य." मीही मान डोलावली. लग्नात कुठली चटई कुठल्या आत्याला जाते हे झोपेतून उठवलं तरी सांगणारी आम्ही माणसं. पण बहिणीला भावाच्या वर्गात बसवतोय, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

राजधानीत हल्ली भाऊ-बहीण एका टेबलाशी बसून आइस्क्रीम खातात म्हणे. राजधानीत काय काय चालतं ते आम्ही ऐकून आहोत. वावाऊत बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. मोठी झालेली बहीण खोलीत आली, की भावानं मान खाली घालून बाहेर पडायचं. तिच्यासमोर थट्टा नाही, वावगा शब्द नाही, एका छपराखाली ऊठबस नाही.

फेब्रुवारीत, वर्गाच्या पहिल्या दिवशी, लेसिएली आमच्या मानाच्या पोशाखात, म्हणजे कमरेला नवी चटई गुंडाळून, वही छातीशी धरून वर्गात शिरली. लोपेती फळ्यावर पिस्टन काढत होता. त्यानं खडू ठेवला, टोपी उचलली, मान खाली घातली आणि मागच्या दारानं निघून गेला. चौदा पोरं अर्ध्या पिस्टनकडे बघत बसली. थोड्या वेळानं लेसिएली समजून बाहेर आली, तसा लोपेती आत गेला. ती आत गेली, तो बाहेर आला. असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पोरांनी येताना गिटार आणली, कारण शिकवणं होणार नाही याची आता त्यांना खात्री होती.

मग अर्थातच कमिटी बसली. आमच्याकडे कुठलाही प्रश्न सुटत नसला की त्याच्यावर कावा, म्हणजे मुळी कुटून केलेलं गुंगीचं पेय, करवंटीनं पितात. रविवारी चर्च सुटल्यावर पाद्रीबाबा, फिलिमोने मास्तर, लेसिएलीचा बाप फाताई आणि मी चटईवर बसलो. दाराशी पिसिला आत्या बसली. ही फाताईची थोरली बहीण. तिच्यापुढे फाताईचाच आवाज निघत नाही, तिथे त्याच्या पोरांचं काय घेऊन बसलात.

"मुलीला शिवणकामाला घाला," पाद्रीबाबा म्हणाले. "शिवणयंत्र हेही यंत्रच."

"मध्ये पडदा लावू या का?" मास्तरांनी विचारलं.

"पडद्यातून ऐकू येत नाही वाटतं?" पिसिला आत्या म्हणाली. "इंजिनवाले कुठल्या भागाला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. माझा नवरा वीस वर्षं जहाजावर होता. बहिणीच्या कानावर असले शब्द घालायचे?"

यावर सगळे गंभीर झाले आणि कावा पुन्हा फिरला. सोमवारी लेसिएली माझ्या टेबलाशी आली.

"काका, काय ठरलं?"

"विषय नाजूक आहे असं ठरलं."

"आणि?"

"पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं."

"किती करवंट्या झाल्या?"

"माझ्या म्हणशील तर सात."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की आठवी न घेतल्याचं मला समाधान वाटलं. मग माझ्यासमोरची खुर्ची उचलून ती बाहेर गेली आणि नीरफणसाखाली, वर्गाच्या खिडकीला पाठ लावून बसली. छप्पर वेगळं, तोंड दुसरीकडे, म्हणजे रीत मोडली नाही. पिसिला आत्यानं दोनदा येऊन पाहणी केली आणि बोट ठेवायला जागा सापडत नाही म्हणून चिडून परत गेली. कमिटीचं घोंगडं तसंच भिजत राहिलं.

आता लोपेती हा मूळचा घुमा. एरवी फळ्याशी पुटपुटायचा. त्या दिवसापासून त्याचा आवाज बंदरापर्यंत पोचायला लागला. जे हात करतात ते सगळं तोंडानं सांगायचं.

"दहा नंबरचा पाना घेतला. डाव्या हातात. नट डावीकडे फिरवतोय. एक आटा. दोन. आता सैल झाला."

"सर, दिसतंय आम्हाला," एक पोरगा म्हणाला.

"दिसतंय म्हणून कळतंय असं नाही. गप बस."

लेसिएलीला काही अडलं तर ती झाडाशी बोलायची. "या झाडाला एक समजलं नाही. प्लग काळा का पडतो?" मग लोपेती पोरांना म्हणायचा, "आता तुम्ही विचाराल, प्लग काळा का पडतो." पोरं कशाला विचारतायत? पण उत्तर मात्र सगळ्यांना ऐकावं लागायचं. लेकी बोले सुने लागे, तशातली गत. तीनला लोपेती घरी गेला, की लेसिएली आत जाऊन तेच इंजिन खोलायची आणि जोडून ठेवायची. सकाळी तो ते तपासायचा आणि कुणाचंही नाव न घेता वर्गाला सांगायचा, "कुणीतरी हा नट फार आवळलाय. नटाशी वैर असल्यासारखा." दुसऱ्या दिवशी नट बरोबर असायचा.

वर्ष संपत आलं तेव्हा धक्क्यावरचे कोळी आपली इंजिनं चौदा पोरांना सोडून नीरफणसाखाली आणायला लागले होते. ते चौदा जण आत बसून तिच्याइतकं का शिकले नाहीत, यावर मास्तरांनी एक कमिटी नेमायचा विचार बोलून दाखवला. मी विषय बदलला.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. दाखल्यासाठी प्रत्येकाची एक वही असते. तीत चाळीस कामं छापलेली. प्रत्येक कामापुढे प्रशिक्षकानं सही करायची, आणि सहीच्या वर छापलेलं आहे, 'हे काम मी प्रत्यक्ष पाहिले.' चौदा वह्या भरल्या. लेसिएलीची वही कोरी. दाखला नाही मिळाला तर जानेवारीत तिनं मामाकडे जायचं, असं फाताईनं मामाला कळवूनसुद्धा टाकलं होतं. मामानं पोरांना सांगितलं होतं, आणि पोरांनी म्हणे आनंदानं घरातली एक खिडकी फोडली होती.

मी लोपेतीला बाजूला घेतलं. "कर ना सह्या. अख्ख्या बेटाला माहीत आहे तिला येतं ते."

"मलाही माहीत आहे, काका."

"मग?"

"इथे लिहिलंय, पाहिलं. मी पाहिलेलं नाही."

"मग एकदा खिडकीतून बघ की."

चर्चच्या दानपेटीत हात घाल म्हटल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी राजधानीतल्या शिक्षण खात्याला पत्र लिहिलं, की परीक्षा घ्यायला दुसरा प्रशिक्षक पाठवावा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मास्तरांना ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं: आपल्या केंद्रात प्रशिक्षकाची जागा भरलेली असल्यानं दुसरा पाठवता येत नाही. जागा रिकामी झाल्यास तात्पुरता माणूस तातडीनं पाठवण्यात येईल. वाचून मान वर केली तर दारात लोपेती उभा होता. कारकुनानं सरकारी पत्र मनात वाचावं, ही साधी गोष्ट मला तीस वर्षांच्या नोकरीत शिकता आली नाही.

सोमवारी त्यानं राजीनामा दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'जागा रिकामी करण्यासाठी.' न्यूझीलंडमध्ये किवीफळांच्या बागेत तोडणीच्या कामाला माणसं हवी होती, तिकडे त्यानं नाव घातलं. सहा वर्षं घालवून मिळवलेला इंजिनाचा दाखला त्यानं बायकोकडे पेटीत ठेवायला दिला. वेलीवरून फळ काढायला दाखला लागत नाही.

खात्यानं एकदा शब्द पाळला. शुक्रवारच्या बोटीनं काळा चष्मा लावलेले एक साहेब उतरले. बोट लागल्यामुळे त्यांचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा झाला होता. लेसिएली पहिल्यांदाच भर वर्गात, सगळ्यांसमोर, इंजिनाशी उभी राहिली. तिनं एक काम केलं, दुसरं केलं, तिसरं केलं. साहेब फोनवर रग्बीचा सामना बघत होते. सामना संपल्यावर त्यांनी वही मागितली आणि चाळीस सह्या केल्या.

"साहेब, अजून सदतीस कामं राहिलीत," लेसिएली म्हणाली.

"तुझे हात दिसतायत ना मला. पुरे," ते म्हणाले. "इथे जेवायला बरं कुठे मिळतं?"

अशा रीतीनं, ज्यानं वर्षभर तिचा एकेक नट तपासला त्या माणसाला खोटं लिहिता येईना म्हणून घर सोडायला लागलं, आणि ज्यानं काही बघितलं नाही त्यानं 'प्रत्यक्ष पाहिले' असं चाळीसदा लिहून दिलं. साहेब जेवायला गेले. लेसिएली जागची हलली नाही. तिनं उरलेली सदतीस कामं एकामागून एक केली. बघायला मी एकटाच होतो, आणि मला पाना आणि पळी यातला फरक कळत नाही. मला फार लाज वाटली, एवढं मात्र कळलं.

शनिवारी दुपारी लोपेतीच्या निरोपाचं जेवण होतं, चारची बोट. डुकरं भाजली, अळूच्या पानांत नारळाच्या दुधातलं मांस शिजवलं, कोनफळांचे ढीग लावले. पुरुष एका मांडवात, बायका दुसऱ्यात. पाद्रीबाबांनी भाषण केलं. बहिणीच्या मानासाठी भावानं केवढा त्याग केला, ही आपली रीत, हे जगाला दाखवून द्यायला हवं, असं बरंच. मास्तरांनी डोळे पुसले. फाताईनं डोळे पुसले. वर्षभर कावा पिण्यापलीकडे काही न केलेल्या सगळ्या माणसांनी डोळे पुसले, आणि माझाही हात रुमालाकडे गेला होता.

तेवढ्यात लेसिएली बायकांच्या मांडवातून उठली आणि पुरुषांच्या मांडवात आली. सगळं थांबलं. लोपेती रीतीप्रमाणे ताट सरकवून उठायला लागला.

"बस," ती म्हणाली.

बहिणीचा शब्द मोठा. तो अर्धवट उठलेला होता तसाच खाली बसला. ती त्याच्या समोर चटईवर बसली.

"मी तुला बाहेर जा म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "मला आत यायचं होतं. वर्षभर मला एकानं तरी विचारलं का, मला काय हवंय?"

तिच्या मागोमाग आलेल्या पिसिला आत्यानं हातातला पंखा खाली ठेवला. लोपेती ताटाकडे बघत म्हणाला, "चाळीसही केलीस?"

"चाळीसही."

"त्यानं बघितली?"

"तीन. तीही अर्धवट."

लोपेतीनं मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. पोर वयात आल्यापासून त्यानं तिच्या तोंडाकडे नीट बघितलं नसावं. मग म्हणाला, "सदतिसावं जमलं? ते पोरांपैकी एकालाही जमलं नव्हतं."

"दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं."

"मलाही तिसऱ्यांदाच जमलं होतं," तो म्हणाला.

बोट सुटायला वीस मिनिटं होती. ती वीस मिनिटं दोघं समोरासमोर, एका छपराखाली बसून राहिली. कुणाला काही झालं नाही. मांडव कोसळला नाही, पाद्रीबाबांना घेरी आली नाही, पिसिला आत्यानं तर थोड्या वेळानं दोघांच्या पानात कोनफळ वाढलं. हे फेब्रुवारीत जमलं असतं, असं त्या मांडवातल्या प्रत्येकाच्या मनात येत असणार. माझ्या तर येतच होतं, पण म्हणायची हिंमत मला झाली नाही. चार वाजता बोटीचा भोंगा वाजला, आणि लोपेती किवीफळं तोडायला गेला.