रोज सकाळी विसरणारा संगणक

आमचा तंत्रज्ञ जनार्दन गेल्याचे कळले, तेव्हा मी त्याच्यावर चिडलेली होते. कोन गावातल्या आमच्या गोदामाच्या फाटकाशी ट्रक हॉर्न वाजवत होते आणि माझ्या पडद्यावर एकच लाल ओळ होती... व्हर्च्युअल मशीन सुरू होऊ शकले नाही. आजच याला उशीर व्हावा, असे पुटपुटत मी तिसऱ्यांदा फोन लावला. उचलला त्याच्या धाकट्या भावाने. ‘ताई, दादा न्हाय राहिला. पहाटं छातीत कळ आली...’

आमच्याकडे मालाची नोंद ठेवणारा प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बंद डब्यात चालतो. संगणकाच्या पोटात आधी दुसरा, आभासी संगणक जागा व्हावा लागतो. मग त्यात कंटेनर उघडतो आणि तेव्हा कुठे गेटपास छापले जातात. ही उतरंड कोसळली की सावरायचा जनार्दन. त्याचे वडील पॉवरलूमचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. त्यांच्यासारखाच तोही यंत्राला आधी कान लावायचा. शर्टाला सोल्डरच्या धुराचा कडवट वास. ‘मला एकदा नीट शिकव ना,’ मी म्हणायचे. ‘ताई, तुमची कविता अडली तर मी इचारतो का, आतमदी काय बिघडलं?’ ‘माझ्या कवितेपायी ट्रक अडत नाहीत.’ ‘म्हणून तर मशीन माझ्याकडं!’

या उत्तराचा मला तो गेल्यावर तीन आठवडे संताप येत राहिला. प्रोग्राम काढून पुन्हा घातला, जुने कंटेनर पुसले. मदतकेंद्रातला मधाळ आवाज रोज विचारी, ‘रीस्टार्ट करून पाहिलंत?’ दुपारी दुसऱ्या गोदामातला तंत्रज्ञ येई, ‘आभासी संगणकाचं सेटिंग बंद झालं होतं’ एवढेच म्हणून मशीन उठवून जाई. दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच ओळ. साहेबांनी बजावले, असेच चालले तर या टेबलावर दुसरे कोणी बसेल.

अखेर नजर गेली ती कोपऱ्यातल्या तारखेवर. ती दर सकाळी कित्येक वर्षे मागे गेलेली असे. त्या तारखेला जनार्दन जिवंत होता... संगणकात नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज तुटली तरी वेळ आणि सेटिंग ती जपते. ती संपली होती. पण रोज वीज तोडतो कोण? मी रखवालदार रामआसरेला विचारले. तो गोंधळून म्हणाला, ‘मॅडम, मेन स्विच तो शाम को आप ही गिराती हैं.’

मीच. नारपोलीच्या आमच्या लूमच्या कारखान्यात शेवटी निघणाऱ्याने मेन स्विच पाडायचा, असा दंडक होता. एका संध्याकाळी तो राहिला आणि सुताच्या पिंजलेल्या तंतूंनी पेट घेतला. तो जळका वास अजून घशात आहे. म्हणून इथेही निघताना हात आपसूक स्विचकडे जातो. जनार्दनला हे मी एकदाच, चहा पिताना सांगितले होते. ‘जनार्दनभाई रोज आठ बजे आके इसको चालू करते थे,’ रामआसरे सांगत होता. ‘मैंने बोला, मॅडम को मना करो ना. बोले, रहने दे, उनका कारखाना जला है.’

आता रागवायचे तरी कोणावर? सांगितले असतेस तर, जनार्दन, मी स्विच पाडायचे सोडले असते का... खरे सांगते, नसते.

संगणक भाड्याचा, झाकणाला पुरवठादाराचे सील. बॅटरी बदलणारा माणूस ‘उद्या’ येतो. बॅटरीबद्दल जनार्दनने केलेल्या तक्रारीही त्याच ‘उद्या’त पडून आहेत. तोवर मी संध्याकाळी स्विच पाडते आणि सकाळी आठला येऊन, त्या तंत्रज्ञाकडून शिकून घेतलेले सेटिंग स्वतःच लावते. काळा पडदा, एक कळ, बाण खाली, ‘बंद’चे ‘चालू’. ट्रक येतात तेव्हा गेटपास तयार असतात. पंखा घरघरू लागतो आणि लाल ओळ येईल की नाही, हे कळायच्या आत मी वाकून यंत्राला कान लावलेला असतो.