ग्लेनिस हॉलरॉइडविरुद्ध एक तक्रार

ग्लेनिस हॉलरॉइड जन्मली कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेने भाड्याने दिलेल्या घरात, लग्न होऊन गेली तीही कौन्सिलच्याच घरात, आणि नोकरी लागली तीसुद्धा कौन्सिलच्या घरांबद्दल लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याची. गळकं छत, भिंतीवरची काळी बुरशी, ऐन थंडीत रुसलेला, घर आणि पाणी तापवणारा बॉयलर, यातलं काही तिला समजावून सांगावं लागत नसे. लोक फोनवर तिच्यावर भडकत आणि ती निमूट ऐकून घेई. भडकलेल्या माणसाला निदान काय हवंय ते तरी कळतं, असं ती म्हणायची.

पूर्वी ती तक्रारदाराच्या घरी जायची, चहा प्यायची, भिंतीला हात लावून बघायची. मग कौन्सिलमधल्या कुणा शहाण्याने नियम काढला की तक्रार फोनवरच मिटवायची. काम झालं का विचारायचं, समोरचा हो म्हणाला की संगणकावर हिरवी खूण, नाहीतर लाल. ज्याच्या नावावर लाल खुणा जास्त, त्याला साहेब आत बोलावून घेत. ऑफिसातली माणसं कमी करणार अशी कुजबुज होती, आणि ग्लेनिसचा नवरा पाठीच्या दुखण्याने घरी बसलेला. तेव्हा तीही भराभर हिरव्या खुणा करायला लागली होती. त्याची तिला लाज वाटायची, पण करत होती खरी.

त्या सोमवारी तिने सिरिल इबट्सनना फोन केला. लोकरीच्या गिरणीतून केव्हाच निवृत्त झालेला हा म्हातारा टेकडीवरच्या उंच इमारतीत एकटाच राहायचा. बॉयलर बंद असल्याची तक्रारही त्याने केली नव्हती, समोरच्या घरातल्या मर्लने त्याच्या वतीने नोंदवली होती.

"मिस्टर इबट्सन, बॉयलर ठीक झाला ना?"

"ठीक आहे, पोरी. चाललंय आपलं. माझ्यापेक्षा वाईट हाल असणारे पुष्कळ आहेत."

"मग तक्रार मिटली म्हणून लिहू?"

"लिही की."

ग्लेनिसने हिरवी खूण केली आणि पुढचा नंबर फिरवला.

गुरुवारी सकाळी बर्फाने रस्ते पांढरे झाले होते. मर्लचा फोन आला तो तिच्या स्वतःच्या नळासाठी. नळाचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आणि काय गं, आमच्या सिरिलकडे माणूस कधी पाठवताय?"

"ते झालं की. मी स्वतः त्यांना विचारलं."

"सिरिलला विचारलंस? अगं, त्याच्या पायावरून बस गेली तर तो ड्रायव्हरची माफी मागेल. बॉयलरला अजून कुणी हात लावलेला नाही. मंगळवारपासून मी बहिणीकडे आलेय, आणि कालपासून तो माझा फोनही उचलत नाही."

ग्लेनिसने मर्लचा फोन ठेवला. तिने सिरिलचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ती साहेबांकडे गेली. साहेबांनी संगणकाच्या पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तक्रार मिटलेली आहे. म्हातारी माणसं फोन उचलत नाहीत, ग्लेनिस. माझी आईपण उचलत नाही." तिने कोट चढवला आणि बाहेर पडली.

बस टेकडी चढताना गोगलगायीसारखी चालली होती. ग्लेनिसच्या डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. खुर्चीत बसल्या बसल्या गार पडलेला माणूस. दार फोडणारे पोलीस. आणि नंतर कुणीतरी विचारणार, शेवटचं यांच्याशी कोण बोललं होतं? असल्या वेळी आपल्या नोकरीचा विचार मनात आला याचा तिला स्वतःचाच राग आला.

लिफ्ट बंद होती. तिचीही तक्रार बहुधा कुणीतरी हिरवी केली असणार. जिने चढता चढता ग्लेनिसचा ऊर धपापायला लागला. तिने दार ठोकलं. उत्तर नाही. वाकून दारातली पत्रं टाकायची फट उघडली आणि आत ओरडली, "मिस्टर इबट्सन, मी कौन्सिलमधून आलेय."

फटीतून गॅसचा गरम, कोंदट वास आला. तिने फोन काढला. पोलिसांना फोन लावणार तोच आतून पाय घासत येत असल्याचा आवाज आला आणि दार उघडलं.

सिरिल कोट, टोपी, मफलर सगळं घालून उभा होता, भिंतीला धरून. चेहरा लालबुंद, डोळे तारवटलेले. "माफ कर हं, पोरी. डोकं फार दुखतंय, म्हणून जरा पडलो होतो. फोन वाजत होता, पण उठवेना."

ग्लेनिस त्याला बाजूला सारून स्वयंपाकघरात घुसली. ओव्हनचं दार सताड उघडं आणि आत गॅस पेटलेला. समोर ऊब घ्यायला ओढलेली त्याची आरामखुर्ची. वारा येऊ नये म्हणून खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबून वरून चिकटपट्टी मारलेली. तिने गॅस बंद केला, चिकटपट्टी ओरबाडली, खिडकी उघडली, आणि त्याला बाहेर जिन्यात आणून पायरीवर बसवलं. मग रुग्णवाहिकेला फोन केला. बंद खोलीतल्या त्या विषारी धुरात आणखी एखादी रात्र गेली असती तर काय झालं असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

थंड हवेत थोड्या वेळाने त्याला हुशारी आली. "उगाच त्रास तुला," तो म्हणाला.

"मिस्टर इबट्सन, माझं ऐका. मिटलेली तक्रार मला परत उघडता येत नाही. नवी केली तर रांगेत शेवटी जाईल. पण माझ्याविरुद्ध तक्रार केलीत, मी ती खोटी मिटवली म्हणून, तर साहेबांना ती थेट वर पाठवावीच लागते. आजच माणूस येईल."

"तुझ्याविरुद्ध? छे. तुझं घरदार असेल, पोरी."

"करा हो माझी तक्रार."

"नाही करायची."

ग्लेनिसचा तोल सुटला. "तुम्ही मेला असतात," ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "मी तिकडे हिरवी खूण करून बसले होते आणि तुम्ही इथे मेला असतात. आता निदान माझ्यासाठी तरी बोला."

सिरिलने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "बरं. लिही. बॉयलर बंद आहे. रात्री बोटं वळत नाहीत. अंघोळ सोडून दिली, त्यामुळे क्लबात जायची लाज वाटते." एकदा सुरू झाल्यावर तो थांबेना. ग्लेनिस पिशवीतल्या पत्राच्या पाकिटाच्या पाठीवर लिहीत गेली.

"आणि तू," तो म्हणाला. तिचं पेन थांबलं.

"तू विचारलंस, नाही असं नाही. पण बॉयलरचं एकदाच विचारलंस. पहिल्या खेपेला मदतीला हो म्हणणारा माणूस या गावात पाहिलायस का कुठे? चहालासुद्धा आपण आधी नकोच म्हणतो. मी फोन कानाला धरून बसलो होतो, तू पुन्हा विचारशील म्हणून. तू ठेवून दिलास."

ग्लेनिसने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.

"ते शेवटचं खोड वाटल्यास," सिरिल म्हणाला. "मी आपलं बोलून गेलो."

"राहू दे," ती म्हणाली. तिने साहेबांना फोन लावला आणि पाकीट डोळ्यांसमोर धरून ते सगळं पहिल्यापासून वाचून दाखवायला लागली.