सुकलेल्या गाडीची चावी

बोर्ली पंचतनच्या रस्त्यावरची ती व्हॅन मी विसरलेलो नाही. विसरू नये, असंच मला वाटतं.

दिघीहून मासळी आणि मासळीवाल्या घेऊन बोर्लीच्या बाजाराला निघालेली ती जुनी व्हॅन चढावावर बंद पडली. मागून मोटारसायकलवर दोघं आले आणि मागच्या सीटवरच्या मासळीवाल्या मावशींचं मंगळसूत्र खेचून पळाले. गुन्हा दाखल होतो न होतो तोच खबर आली, चालक सामील आहे, गाडी त्यानंच मुद्दाम थांबवली. खबर देणारा त्याच रस्त्यावरचा दुसरा व्हॅनवाला होता. तपास माझ्याकडे होता, तिथंच मी थबकायला हवं होतं.

चालकाला बोलावलं. व्हॅन तोवर ठाण्याच्या आवारात उन्हात उभी होती.

"गाडी बंद कशी पडली?"

"आपसूक, सायब. चावी फिरवून दमलो, लागंना."

मी आत बसून चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. "ही बघ, लागली!" म्हणत मी त्याच्या कानशिलात लगावली. जबाबासाठी आलेल्या मासळीवाल्या आपल्या पाट्या घेऊन पायरीवर बसल्या होत्या. सगळ्यांनी पाहिलं.

मावशीच उठल्या. "ओ सायब, डागिना माझा गेलाय आन् मार त्याला? पुढच्या सीटवर बर्फाची पाटी ठेवली की ही गाडी रुसतेच. आमी रोज शिव्या घालतो तिला."

नोकरीच्या सुरुवातीला मी पोलिसांच्या मोटार विभागात होतो. अशा व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, हे मला ठाऊक होतं. सीट उचलली. कॉइलवर आणि प्लगच्या वायरींवर, पाटीतून झिरपलेल्या पाण्यानं, मिठाचा पांढरा थर होता. एक प्लग काढून वायरीला जोडला, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवलं आणि हवालदाराला स्टार्टर मारायला सांगितलं. निळी ठिणगी पडली. मग मावशींच्या पाटीतलं बर्फाचं खारं पाणी वायरींवर शिंपडलं. ठिणगी गेली, म्हणजे गाडी लागणारच नव्हती. फडक्यानं पुसल्यावर परत आली. चालकाचं खरेपण उन्हानं सुकवून टाकलं होतं आणि मी कोरडी गाडी तपासून त्याला खोटं ठरवलं होतं.

मोटारसायकलवाले पुढे दिघीला फेरीबोटीच्या रांगेत सापडले. ते चालकाला ओळखतही नव्हते.

मी चालकाला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि "चुकलो" म्हणालो.

तो म्हणाला, "मारलंत पायरीसमोर सायब, आन् माफी दार लावून?"

दार उघडून बाहेर जाणं मला जमलं नाही. अंगावर वर्दी होती.

पोलिसांनी मारलं म्हणजे काहीतरी असणारच, असं लोक धरून चालतात. त्याच्या व्हॅनमध्ये बसायचं लोक टाळू लागले. मावशी तेवढ्या पाटी मांडीवर घेऊन मागं बसायच्या. शेवटी त्यानं व्हॅन विकली.

माणूस जे सांगतो ते तपासायचं, तर त्यानं सांगितलेली परिस्थिती पुन्हा उभी करावी लागते, हे मी नंतरच्या प्रत्येक तपासात पाळलं. त्याचा त्याला काही उपयोग नव्हता. पोलिसी आठवणींच्या अशा लेखात कोणाचं नाव लिहीत नाहीत. त्यामुळे तो निर्दोष होता हे लिहूनही त्याच्या गावात कोणाला कळणार नाही. दार अजून लावलेलंच आहे.